संध्याकाळी पॅकराफ्ट घेऊन कुंडलिकेवर जाताय? या चुका टाळा

पॅकराफ्ट म्हणजे पिशवीत मावणारी, हवा भरून फुगवायची छोटी होडी. हिवाळ्यात रायगडातल्या कुंडलिका नदीला पाणी असतं ते धरणाच्या वेळापत्रकाचं, हे दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली येतं आणि कोलाडच्या राफ्टिंगला मिळतं ते बहुधा सकाळी. तरी मंडळी उन्हं चढल्यावर घर सोडतात, वाटेत मिसळ हाणतात आणि चारला काठावर उभं राहून विचारतात, "पाणी कुठाय?"

आम्हीही हेच केलं होतं. डिसेंबर, चौघं जण, पाण्यात उतरायला साडेचार. मित्र म्हणाला, "तीन किलोची तर राफ्ट, वीतभर पाण्यात चालेल." चालते ना, रिकामी असताना! ऐंशी किलोचा माणूस बसला की बूड दगडाला घासतं. अर्ध्या तासात पाणी ओसरलं आणि पुढचं सगळं अंतर आम्ही राफ्ट डोक्यावर घेऊन, शेवाळलेल्या गोट्यांवरून घसरत कापलं. सहाच्या सुमारास सूर्य बुडाला. बॅटरी एकच, तीही गाडीत. गुरं घेऊन परतणाऱ्या एका काकांनी वाट दाखवली आणि वर सुनावलं, "सकाळचं यायला काय झालं व्हतं?" तेव्हापासून आदल्या दिवशी मी गावातल्या माणसाला फोन करतो. हवामानाच्या अ‍ॅपवर धरणाचं पाणी दिसत नाही.

कोरडं पात्र पाहून मधल्या खडकावर फोटोला बसणारे तर महाभाग. ८ जून २०१४ च्या संध्याकाळी हिमाचलात लारजी प्रकल्पातून अचानक पाणी सुटलं आणि बियासच्या पात्रात उतरलेले २४ विद्यार्थी वाहून गेले.

दुसरी लाडकी चूक हवेची. उन्हात टणक फुगवलेली राफ्ट गार पाण्यात पाच मिनिटांत मऊ पडते. आतली हवा आकसते, बस. नवखे मात्र "पंक्चर!" म्हणून बोंब मारतात. मी राफ्ट पाण्यात टाकतो, थोडी भिजू देतो, मग तोंडाने उरलेली हवा भरतो. हे सांगितलं की दोन रील्स पाहून आलेल्यांचे चेहरे पडतात, त्यांना लगेच वल्हवायचं असतं. आणि फुगवलेली राफ्ट उन्हात ठेवून चहाला जाऊ नका, शिवणी ताणतात.

लाइफ जॅकेट अंगात घालायचं असतं, राफ्टला बांधायचं नसतं.

पडलात तर वाहत्या पाण्यात उभं राहू नका, पाय दगडांत अडकतो. उताणे व्हा, पाय पुढे.

लोंबत्या दोऱ्या नकोत.

बिअर राफ्ट गुंडाळून झाल्यावर.

आणि गुंडाळायची ती कोरडी करून. अंधार पडला म्हणून मी पहिली राफ्ट ओलीच डिकीत कोंबली होती, ती अजून कुबट वास मारते.