कोडमध्ये प्रोब हातात घेताय? आधी हे वाचा

कोड म्हणजे हार्ट बंद पडलेल्या पेशंटला वाचवायची धावपळ. त्यात सीपीआर चालू असताना इको (हार्टचा अल्ट्रासाउंड) करायचा तर एक गोष्ट डोक्यात फिट करा, प्रोबसाठी (अल्ट्रासाउंडचा हातात धरायचा भाग) कंप्रेशन, म्हणजे छाती दाबणं, थांबवायचं नाही, पल्स चेकला थांबलंच आहे तेवढ्यात आपलं उरकायचं. 2017 च्या एका अभ्यासात अल्ट्रासाउंडवाल्या पल्स चेकला सरासरी 21 सेकंद लागले, बाकीच्यांना 13, आणि मर्यादा आहे 10 ची!

म्हणून सगळी तयारी कंप्रेशन चालू असतानाच. मशीनवर कार्डियाक प्रीसेट (हार्टसाठीची तयार सेटिंग), डेप्थ जरा जास्तच, क्लिप (रेकॉर्ड होणारा व्हिडिओ) 6 सेकंदांची, जेल भरपूर. प्रोब झायफॉइडच्या (छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक) खाली जवळजवळ आडवा ठेवून डाव्या खांद्याकडे रोखायचा आणि लिव्हरमधून हार्ट शोधून ठेवायचं, स्क्रीन नाचत असते पण अंदाज येतो. मग पल्स चेक सुरू झाला की कुणीतरी मोठ्याने आकडे मोजायचे, दहा म्हटलं की हात परत छातीवर, चित्र मिळालेलं असो वा नसो. "एक सेकंद, दिसतंय दिसतंय" असं तोंडातून निघालं की समजा गडबड झाली. क्लिप नंतर बघा, कंप्रेशन सुरू झाल्यावर. आणि कोड चालवणाऱ्याने प्रोब धरूच नये, तो स्क्रीनमध्ये अडकतो.

एका ब्रेकमध्ये एकच प्रश्न. आधी हार्टभोवती पाणी आहे का, टॅम्पोनेड (त्या पाण्याने हार्ट दाबलं जाणं) वाटला तर सुईने पाणी काढायचं. मग हार्ट खरंच आकुंचन पावतंय का, नुसती व्हॉल्व्हची फडफड धरायची नाही. पल्स नाही पण हार्ट स्वतः नीट आकुंचन पावतंय तर तो स्यूडो पीईए (पीईए म्हणजे मॉनिटरवर रिदम आहे पण पल्स नाही), तिथे कारण शोधा, बीपी सांभाळा. मॉनिटरवर सरळ रेष पण भिंती थरथरतायत तर ते बारीक व्हीएफ (हार्टची नुसती अनियमित थरथर) असू शकतं, शॉक द्यायची केस.

हार्टची उजवी बाजू मोठी दिसली की सगळ्यांना पीई (फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गाठ) आठवतो, इथेच जास्त फसगत होते, कारण अरेस्ट (हार्ट बंद पडणं) लांबला की मूळ कारण काहीही असो उजवं व्हेंट्रिकल (हार्टचा खालचा कप्पा) फुगतंच. पायाच्या व्हेन्समध्ये गाठ आहे का बघा (ते कंप्रेशन चालू असताना जमतं), हिस्टरी विचारा, मग थ्रोम्बोलिसिसचं (गाठ विरघळवायचं औषध) बोला.

हार्ट अजिबात हलत नसेल तर लक्षण वाईटच, 2016 च्या 793 पेशंटच्या अभ्यासात असे 0.6 टक्केच घरी गेले, हालचाल असलेले 3.8 टक्के. पण शून्य नाही ना, म्हणून नुसत्या एका क्लिपवर कोड थांबवू नका, किती वेळ झाला, ईटीसीओटू (श्वासातून बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड) किती, तेही बघा.