पावसाळ्यात पिल्लांचे पाय जातात तेव्हा

शेडमध्ये कोंबडीची चार पिल्लं उठेनाशी झाली की पाण्यात कॅल्शियम, लिव्हर टॉनिक आणि हाताला लागेल ते अँटिबायोटिक पडतं, आणि दोन दिवस वाया जातात. आधी पिल्लांचं वय बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

पहिल्या आठवड्यात दोन्ही पाय बाजूंना फाकले असतील तर बहुधा दोष गुळगुळीत कागदाचा. ब्रूडरमध्ये (पिल्लांना ऊब देण्याच्या जागेत) वर्तमानपत्राऐवजी तरट किंवा खडबडीत पुठ्ठा घाला. फाकलेले पाय अंगाखाली नीट येतील इतकं अंतर ठेवून मऊ पट्टीने सैलसर बांधा आणि रोज सोडून बघा. दोन-चार दिवसांत फरक पडतो. उशीर झाला तर पाय तसेच राहतात.

दहा ते वीस दिवसांच्या पिल्लांत दोन आजारांची हमखास गल्लत होते. पिलू पायाच्या मधल्या सांध्यावर बसतं, बोटं मूठ आवळल्यासारखी आत वळतात, पण डोळे टवटवीत असतात आणि दाणे समोर ठेवले तर खातं: ही बी-२ जीवनसत्त्वाची कमतरता. नुसत्या मक्याच्या भरड्यावर आणि कणीवर वाढवलेल्या पिल्लांत ती दिसते. बी-२ असलेलं बी-कॉम्प्लेक्स लगेच सुरू करा, खाद्यही बदला. जुनी झालेली बोटं सरळ होत नाहीत.

बोटं सरळ आहेत, तरी पिलू बसूनच आहे? चोच दोन बोटांत धरून हलकेच बाजूला दाबा. रबरासारखी वाकली तर मुडदूस. पावसाळ्यात हा जास्त दिसतो, कारण ओलसर मक्यावर बुरशी धरते आणि तिच्या विषामुळे डी-३ जीवनसत्त्व अंगी लागत नाही. त्यामुळे नुसतं कॅल्शियम ओतून भागत नाही. मका बदला आणि पाण्यातून डी-३ द्या. कॅल्शियम मिळेल म्हणून लेअरचं (अंड्यांवरच्या कोंबड्यांचं) खाद्य तर मुळीच घालू नका. त्यात कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, पिल्लाला एक टक्का पुरतं. जादा झालं की मूत्रपिंडं बिघडतात.

सांधा सुजून पाय बाहेर वळला असेल तर शीर घसरलेली असते. ते पिलू सुधारत नाही. बाकीच्यांसाठी खाद्यात मँगनीज आणि कोलीन आहे का ते तपासा.

तीन ते सहा आठवड्यांत पंख पाडून, डोळे मिटून बसलेलं पिलू लंगडं नसतं, अशक्त असतं. विष्ठेत रक्त शोधा. रक्ती हगवणीला अँप्रोलियम हे औषध लेबलवरच्या मात्रेत, पाण्यातून, साधारण पाच दिवस. मात्र सोबत बी-कॉम्प्लेक्स देऊ नका: अँप्रोलियम जंतूला बी-१ मिळू देत नाही म्हणूनच काम करतं, आणि आपण तेच वरून पुरवतो. (दुकानात ही जोडी एकत्रच हाती देतात.) शेडच्या जमिनीवर अंथरलेल्या गादीतलं तूस मुठीत दाबा, गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. ओला भाग काढा, कोरडं तूस घाला, पाण्याची गळती थांबवा.

औषधानेही पाय जातात. खाद्यात सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन (रक्ती हगवण रोखणारी औषधं) असताना पाण्यातून टियाम्युलिन हे अँटिबायोटिक दिलं तर विषबाधा होते.

मान वळणं, हिरवी हगवण आणि घरघर एकत्र दिसली तर मानमोडी (राणीखेत). सहा-आठ आठवड्यांनंतर एक पाय पुढे, एक मागे टाकून पडलेला पक्षी मारेक्स या विषाणूजन्य आजाराचा संशय देतो. दोन्हींवर औषध नाही. मारेक्सची लस हॅचरीत (अंडी उबवणी केंद्रात) पहिल्याच दिवशी टोचलेली हवी. पिल्लं घेताना विचारा. मानमोडीची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी आणि पुन्हा चौथ्या आठवड्यात.

उलगडा होत नसेल तर दोन-तीन आजारी जिवंत पिल्लं, आणि एक ताजं मेलेलं पिलू बर्फावर ठेवून (फ्रीझरमध्ये नव्हे), पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. सोबत खाद्याचा नमुना आणि लसीच्या तारखा. एका दिवसात अचानक बरीच मर झाली तर मात्र काहीच हलवू नका, मेलेलं पिलू घरी कापू नका. पशुधन विकास अधिकाऱ्यांना शेडवर बोलवा.