जपानी मातीची घंटी (दोरेई) घरी कशी बनवायची

दोरेई म्हणजे जपानमधली मातीची घंटी, घुंगरासारखी बंद, आत मातीचीच गोळी, खाली फट आणि वर दोरी ओवायला भोक. नवीन वर्षाच्या सुमारास तिथल्या देवळांत भरपूर दिसतात, ज्या वर्षाचा जो प्राणी त्याची घंटी (बारा वर्षांचं चक्र, दर वर्षाला एक प्राणी), म्हणजे २०२६ घोड्याचं आणि २०२७ मेंढीचं, शिवाय दारुमा म्हणजे गोल शुभबाहुली, भातशेतीच्या इनारी देवाचा कोल्हा वगैरे आहेतच. तिच्या आवाजाने वाईट गोष्टी लांब पळतात आणि चांगलं घरात येतं अशी समजूत, त्यामुळे घंटी वाजली पाहिजे हे पहिलं, रंग नंतर. बरेच जण उलटं करतात आणि मग सुंदर दिसणारी पण मुकी वस्तू शोकेसमध्ये बसते.

माती कुंभाराकडची घ्या, पणत्यांची चालेल. हवेत सुकणारी क्राफ्टची माती किंवा न भाजलेला शाडू नको, कच्ची माती नुसती खट् खट् करते, तो मऊ खुळखुळ आवाज भाजल्याशिवाय येतच नाही.

आधी गोळी करा, साधारण दीड सेंटीमीटरची, आणि ती पूर्ण कडक सुकू द्या, घाई नको. मग घंटीचे दोन अर्धे भाग करायचे. तिकडचे कारागीर पुढचा आणि मागचा असे दोन साचे वापरतात, त्यात माती दाबून भरतात, आपण घरी प्लॅस्टरचा साचा करू शकतो किंवा पहिल्यांदा सरळ दोन छोट्या वाट्या हातानेच वळायच्या. जाडी सगळीकडे सारखी, चार-पाच मिलिमीटर, हे फार महत्त्वाचं आहे कारण एका बाजूला जाड राहिली की आवाज बसतो आणि सुकताना तडाही तिथेच जातो.

आता खरी गंमत. सुकलेली गोळी वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून आत ठेवायची, म्हणजे ती ओल्या भिंतीला चिकटत नाही, आणि भट्टीत कागद जळून जातो की गोळी आपोआप मोकळी. कडांवर काट्याने रेघा मारा, पाण्यात दाट कालवलेली माती लावा, दोन्ही भाग दाबून जोडा आणि सांधा बोटाने आतबाहेर न करता एकाच दिशेने पुसून घ्या. जरा घट्ट झाली की वर दोरीसाठी भोक पाडायचं, खाली पातळ ब्लेडने फट कापायची आणि फटीच्या दोन्ही टोकांना गोल भोक पाडायचं. फटीच्या टोकांची ही भोकं विसरू नका, टोकदार कोपरा राहिला तर तिथून चीर वर चढत जाते, गोल टोकाला ती थांबते. फट आणि भोकं दोन्ही गोळीपेक्षा लहान हवीत हे उघडच आहे, नाहीतर गोळी बाहेर.

सावलीत आठवडाभर तरी सुकवा. ओल राहिली तर भट्टीत वाफ होऊन फुटते. भाजणं साधारण ८०० अंशांना, घरी शक्य नाही, कुंभाराला किंवा जवळच्या पॉटरी स्टुडिओला विचारा, आपल्या वस्तूंसोबत भाजून देतात का ते.

भाजून आली की रंगवायच्या आधी कानाजवळ हलवून बघा. रंगासाठी परंपरेने शिंपल्यांची पांढरी पूड सरसात कालवून आधी अस्तर देतात, जपानीत त्या पुडीला गोफुन म्हणतात, त्यावर बाकीचे रंग खुलतात. आपल्याकडे पांढरा पोस्टर कलर पातळ करून चालतो. जाड व्हार्निश मात्र टाळा, आवाज दबतो. डिझाइन साधं ठेवा, क्यूशूमधल्या सागा प्रांतातल्या काशिमा गावच्या नोगोमी घंट्या बघा, ठळक रंग आणि मोजके फटकारे, तरी काय रुबाबदार दिसतात! क्योटोतल्या फुशिमी इनारी देवळाजवळची मातीची बाहुली-परंपरा तर याहून जुनी, बघायची असेल तर तिकडच्या कोल्ह्यांपासून सुरुवात करा.

शेवटी वरच्या भोकातून जाड सुती दोरी ओवा, लाल असेल तर उत्तम, आणि दाराजवळ टांगा जिथे येताजाता हात लागेल पण भिंतीवर आपटणार नाही. पाणी लावू नका, धूळ कोरड्या ब्रशने काढा. वर्ष संपलं की जपानी लोक जुनी शुभवस्तू देवळात परत देतात, पण प्राण्यांच्या घंट्या जपून बाराही गोळा करणारेही खूप आहेत, मला हे दुसरं जास्त आवडतं.