वाशी सानपाड्याला का गेली? लिस्ट, लूप आणि इंडेक्सच्या चुका शोधायची रीत

"काकू, माझी वाशी सानपाड्याला गेलीय."

रविवारची सकाळ, बाहेर धो-धो पाऊस, आणि शेजारच्या विंगमधली मुलगी उघडा लॅपटॉप हातावर तोलत दारात उभी. नुकतीच पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला लागलेली. ठाणे-वाशी मार्गावरच्या स्टेशनांची लिस्ट तिने केली होती आणि शेवटच्या स्टेशनचं नाव छापायचं होतं. छापलं जात होतं 'सानपाडा'. लाल अक्षरात एरर नाही, काही नाही. प्रोग्राम अगदी आनंदात चालत होता.

मी कोपरीत राहते आणि ऐरोलीला टेस्टरची नोकरी करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून माझं घर चालतं. तिचा प्रोग्राम घेऊन आम्ही दोन तास बसलो. त्या दोन तासांत जे तिला सांगितलं तेच इथे लिहिते आहे. कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिलाय. तुम्ही कीवर्ड, कंस आणि आकडे नेहमीसारखे इंग्रजी कीबोर्डवरूनच टाइप करा. 'स्थानके' हे नाव मात्र देवनागरीत ठेवलंत तरी पायथन ३ कुरकुर करत नाही.

आधी मोजणी पक्की करा

आमच्या इमारतीत तळमजला धरून आठ मजले आहेत, पण लिफ्टमधलं सगळ्यात वरचं बटण ७ चं आहे. तळमजल्याचं बटण ०. लिस्ट नेमकी अशीच असते. आठ वस्तू असतील तर इंडेक्स, म्हणजे घरांचे क्रमांक, ० ते ७. ८ नंबरच्या बटणावर बोट ठेवायला गेलात तर तिथे बटणच नाही, आणि पायथन म्हणतो, 'इंडेक्सएरर: लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज'.

आपण मराठी माणसं इथे का घसरतो याचं माझं एक घरगुती कारण आहे. सोमवारी भेटलेल्या माणसाला आपण "आठ दिवसांनी या" म्हणतो आणि तो पुढच्या सोमवारी येतो. सात दिवस झालेले असतात, पण आपण दोन्ही टोकं धरून मोजतो. पायथनची 'रेंज', म्हणजे ओळीने आकडे देणारी सोय, सुरुवातीचं टोक धरते आणि शेवटचं सोडते. 'रेंज(१, ९)' म्हटलं की १ ते ८. नऊ नाही. डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९८२ साली एक छोटं टिपण लिहून मोजणी शून्यापासून आणि शेवटचं टोक सोडूनच का सोयीची, हे मांडलं होतं. त्यातला एक मुद्दा साधा आहे: अशा मोजणीत शेवट वजा सुरुवात केली की किती वस्तू आहेत ते थेट मिळतं. पटो न पटो, पायथन त्याच बाजूचा आहे.

लाल मजकूर खालून वर वाचा

एरर आली की बहुतेक नवशिके खिडकी बंद करतात किंवा कोडमध्ये कुठेतरी 'वजा १' लावून बघतात. लागला तर लागला. हा मटका आहे.

सगळ्यात खालची ओळ आधी वाचा. चूक कुठल्या जातीची आहे ते तिथे असतं. तिच्या वर ओळीचा क्रमांक आणि ती ओळ असते. पायथन ३.११ पासून त्या ओळीतला नेमका कुठला तुकडा नडला, तेही खाली खुणा करून दाखवतात. एकाच ओळीत दोन-तीन चौकटी कंस असले की या खुणा सोन्यासारख्या.

'लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज' म्हणजे नसलेलं घर वाचायला गेलात. 'लिस्ट असाइनमेंट इंडेक्स आउट ऑफ रेंज' म्हणजे नसलेल्या घरात सामान ठेवायला गेलात; रिकाम्या लिस्टमध्ये थेट 'यादी[०] = ५' लिहिलं की हे होतं, तिथे शेवटी नवीन घर जोडणारं 'अपेंड' हवं. आणि 'लिस्ट इंडायसेस मस्ट बी इंटिजर्स' असा टाइपएरर आला, तर तुम्ही बहुधा असा लूप (लिस्टमधल्या प्रत्येक वस्तूसाठी तोच कोड पुन्हा चालवणारी फेरी) लिहिलाय:

फॉर आय इन स्थानके:
    प्रिंट(स्थानके[आय])

इथे 'आय' हा आकडा नाहीच, तो 'ठाणे' आहे. 'स्थानके[ठाणे]' म्हणजे काय, हे पायथनला कळत नाही. लिस्ट तिच्या लांबीपेक्षा लहान आकड्यांची असती तर हीच चूक निमूट चालून गेली असती आणि भलतीच उत्तरं दिली असती, हे लक्षात ठेवा. पुढे त्याकडे यायचंच आहे.

लिस्ट लहान करा, मग बोलती करा

दोनशे नोंदींच्या लिस्टवर चूक शोधू नका. तीन ठेवा. तीनवरही चूक दिसत असेल तर निम्मं काम झालं, कारण तीन नोंदी बोटांवर मोजता येतात.

मग जी ओळ पडते, तिच्या बरोबर आधी ही ओळ घाला:

प्रिंट("आय:", आय, "लांबी:", लेन(स्थानके))

तिला हे करायला लावलं तेव्हा पडद्यावर आलं: आय ०, लांबी ३. आय १, लांबी ३. आय २, लांबी ३. आय ३, लांबी ३. आणि धाड. "अगं, तीन म्हणजे चौथं घर!" हे तिनेच ओरडून सांगितलं, मला तोंड उघडावं लागलं नाही. तिने रेंजमध्ये 'लेन(स्थानके) + १' लिहिलं होतं, कारण शाळेत कुणीतरी सांगितलं होतं की रेंज शेवटचा आकडा सोडते. सोडते हे खरं, पण सोडायलाच हवा असतो ना तो.

प्रिंटला कमी लेखू नका. 'ब्रेकपॉइंट()' लिहून प्रोग्राम मध्येच थांबवता येतो, ही सोय पायथन ३.७ पासून आहे. नवशिक्यांसाठीच एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तयार झालेला थॉनी नावाचा मोफत एडिटर प्रत्येक पायरीला व्हेरिएबलमध्ये काय आहे तेही दाखवतो. दोन्ही चांगले. पण चौदा वर्षं नोकरी करून मी अजून पहिला हात प्रिंटलाच घालते.

शेजाऱ्याला हात लावताना

इंडेक्सच्या निम्म्या चुका 'पुढचा' आणि 'मागचा' घेताना होतात. नऊ स्टेशनं असतील तर त्यांच्यामधली अंतरं आठच. कुंपणाचे खांब आणि मधल्या फळ्या, तसंच.

फॉर आय इन रेंज(लेन(स्थानके)):
    प्रिंट(स्थानके[आय], "ते", स्थानके[आय + १])

हे शेवटच्या फेरीत पडणार, कारण वाशीच्या पुढे लिस्टमध्ये स्टेशन नाही. उपाय: 'रेंज(लेन(स्थानके) - १)'. इथपर्यंत सोपं आहे. आता हेच उलटं लिहा, 'स्थानके[आय - १]' ते 'स्थानके[आय]'. वाटेल की पहिल्या फेरीत पडेल. पडत नाही! आय शून्य असताना इंडेक्स होतो वजा एक, आणि पायथनमध्ये वजा एक म्हणजे शेवटचं घर. पहिलीच ओळ छापली जाते: 'वाशी ते ठाणे'. गाडी उलटी धावली आणि सिग्नल हिरवाच. इथे रेंज १ पासून सुरू करायची.

टेस्टर म्हणून माझं ठाम मत आहे: लाल एरर ही बिचारी प्रामाणिक असते. गप्प राहणारी चूक कामावरून काढायला हवी.

लूप चालू असताना लिस्टमधून काही काढू नका

गप्प चुकांमधली ही सगळ्यात जुनी खोड. सोसायटीच्या मेंटेनन्सचं उदाहरण घेऊ. बाकी रकमांची लिस्ट आहे आणि ज्यांची बाकी शून्य आहे ते काढून टाकायचेत.

बाकी = [०, १५००, ०, ०, २२००]
फॉर रक्कम इन बाकी:
    इफ रक्कम == ०:
        बाकी.रिमूव्ह(रक्कम)

उत्तर यायला हवं [१५००, २२००]. येतं [१५००, ०, २२००]. एक शून्य बचावतं. कागदावर आखून बघा, डोक्यात नको. पहिल्या फेरीत लूप घर ० वर आहे, तिथलं शून्य गेलं, लिस्ट उरली [१५००, ०, ०, २२००]. आता लूप जातो घर १ वर. १५०० तर सरकून घर ० वर आलेत, त्यांच्याकडे कुणी पाहिलंच नाही. घर १ वर शून्य आहे, ते गेलं. उरलं [१५००, ०, २२००]. लूप घर २ वर, तिथे २२००. संपलं. मधलं शून्य घर १ वर सरकून बसलं आणि लूप त्याच्यावरून पुढे निघून गेला.

स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत पुढचा माणूस बसून गेला की सगळी रांग एक पाऊल पुढे येते. तुम्ही त्याच वेळी मागे चालत माणसं मोजत असाल तर एकजण चुकणारच. म्हणून हव्या त्या रकमांची नवीन लिस्ट बनवा:

उरलेले = [र फॉर र इन बाकी इफ र != ०]

जुन्या लिस्टला हातच लावायचा नाही. जागा जास्त लागेल वगैरे काळजी नवशिक्याने करू नये.

आता वाशीकडे

तिच्या कोडमध्ये होतं 'प्रिंट(स्थानके[७])'. लिस्ट तिने आधी लिहिली तेव्हा ती अशी होती: ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. आठ स्टेशनं, वाशी सातव्या इंडेक्सवर. बरोबर. मग बाबांनी तिला सांगितलं की दिघा गाव राहिलं. जानेवारी २०२४ मध्ये ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये हे स्टेशन सुरू झालं. तिने ते लिस्टमध्ये घातलं, नऊ स्टेशनं झाली, ऐरोलीपासून प्रत्येकजण एक घर पुढे सरकला, आणि सातव्या घरात येऊन बसलं सानपाडा. कोडची ती ओळ मात्र जुन्याच पत्त्यावर पत्र टाकत राहिली.

शेवटचं हवं असेल तर 'स्थानके[-१]' लिहा. ठरावीक नाव हवं असेल तर 'स्थानके.इंडेक्स("वाशी")' विचारा. कोडमध्ये उघडा आकडा दिसला की तो कुठून आला हे स्वतःला सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं तर तो आकडा उद्या दगा देतो.

पण गंमत पुढेच होती. तिच्याकडे दुसरी लिस्ट होती, ठाण्यापासून किती मिनिटं लागतात त्याची. त्यात दिघा गावची वेळ घालायची राहिली होती. म्हणजे नावं नऊ, वेळा आठ. इंडेक्सवर चालणारा लूप शेवटच्या फेरीत, वाशीला, पडला. ती वाशीचीच ओळ खरवडत बसली होती. चूक होती दुसऱ्या घरात. दिघा गावाला ऐरोलीची वेळ, ऐरोलीला रबाळेची, अशी सगळी रांग बिनबोभाट चुकत आली होती आणि शेवटी जागा संपली तेव्हा कुठे आरडाओरडा झाला. त्यामुळे एरर शेवटच्या फेरीत आली तरी आधीच्या फेऱ्यांचं आउटपुट वाचा. दोन लिस्ट जोडीने चालवताना लूपच्या आधीच दोन्हींची 'लेन' छापा.

कुणी म्हणेल, इंडेक्सऐवजी दोन लिस्ट जोडीजोडीने चालवणारं 'झिप' वापर. चांगलंच आहे, पण साधी झिप लहान लिस्ट संपली की गुपचूप थांबते. म्हणजे वाशी छापलीच गेली नसती, आणि एररही नाही. पायथन ३.१० पासून झिपला 'स्ट्रिक्ट=ट्रू' सांगता येतं; मग लांबी जुळली नाही की ती ओरडते. मी तेच वापरायला लावलं.

इंडेक्स हवाच आहे का?

नुसती नावं छापायची असतील तर इंडेक्स कशाला?

फॉर नाव इन स्थानके:
    प्रिंट(नाव)

पुढे क्रमांक हवा असेल तर:

फॉर क्रमांक, नाव इन एन्युमरेट(स्थानके, १):
    प्रिंट(क्रमांक, नाव)

यात चुकायला जागाच उरत नाही. नवशिक्यांचे निम्मे रेंज-लेन असे पुसून टाकता येतात. 'व्हाइल' लूप तर लिस्टसाठी मी टाळतेच; 'आय += १' लिहायचं राहिलं की प्रोग्राम थांबत नाही, मग कंट्रोल आणि सी दाबून सोडवावा लागतो.

फाइलमधून लिस्ट येत असेल तर

फाइलच्या शेवटी पुष्कळदा एक रिकामी ओळ असते आणि ती कुणाला दिसत नाही. 'बी-४०२,२२००' अशा ओळी स्वल्पविरामावर तोडून '[१]' घेत असाल, तर त्या रिकाम्या ओळीतून एकच तुकडा मिळतो आणि इंडेक्सएरर येते. तोडण्याआधी 'स्ट्रिप()'ने कडेच्या मोकळ्या जागा काढून ओळ रिकामी आहे का ते बघा, असेल तर 'कंटिन्यू', म्हणजे ती सोडून पुढच्या फेरीला. कोड हजार ओळींवर बरोबर चालून अगदी शेवटी पडला, की माझा पहिला संशय इथेच जातो.

शेवटी तीन लिस्टवर चालवून बघा

रिकामी, एकाच नोंदीची, आणि दोन नोंदींची. तिने 'स्थानके = []' करून चालवलं आणि 'स्थानके[-१]' वर पुन्हा लाल ओळ आली; रिकाम्या लिस्टला शेवटचंही घर नसतं. तिने वर 'इफ स्थानके:' घातलं, परत चालवलं, मग एकटं ठाणे ठेवून चालवलं. तोवर पाऊस थांबला होता. लॅपटॉप मिटता मिटता म्हणाली, "काकू, तुर्भ्यापासून दुसरा फाटा जुईनगर-नेरूळकडे जातो, तो पण घालू का?"

मी म्हटलं घाल, पण आधी सांग, नेरूळचा इंडेक्स किती येईल? ती जिन्यात थांबून बोटांवर मोजायला लागली. अंगठ्याला शून्य म्हणाली.