साईटवरच्या या चुका टाळा (पहिली माझीच आहे)

लातुरात स्ट्रक्चरल डिझाइन करतो. १९९३च्या किल्लारी भूकंपापासून इकडचा प्रत्येक मालक विचारतो, "साहेब, भूकंपात टिकंल ना?" बिल्डिंग उभी होईपर्यंत तिच्याखाली जी माणसं वावरतात, त्यांचं कुणी विचारत नाही. आम्ही डिझाइनवालेही नाही.

पायाचा खड्डा सरळ खणणे. काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी उभी राहते, म्हणून सगळे फसतात. आत भेगा हातभर गेलेल्या असतात. जेसीबीवाला कडा तासल्यासारख्या सरळ काढतो आणि उपसा कमी म्हणून मालक खूश. मग एक पाऊस पुरतो.

माझ्या ड्रॉइंगवर तेव्हा एवढंच असायचं: "मुरमापर्यंत खणा." एका साईटला मुरूम दहा फुटांवर लागला. जूनचा पहिला पाऊस होऊन दोन दिवस झालेले, उपसलेली माती अगदी काठावर. मिस्त्रीमामा खाली, मी वरून टेप सोडतोय. बुटाजवळ केसाएवढी भेग दिसली. चहा येईपर्यंत तीत माझं बोट जायला लागलं. "मामा, वर या!" तर म्हणे, "एवढं माप घेतो की साहेब." शिडी नव्हतीच. कॉलमची सळई धरून, कुरकुरत वर आले. ग्लास खाली ठेवतोय तोच ती अख्खी बाजू बसली. घनमीटरभर ओली माती दीड-दोन टन भरते. छातीपर्यंत गाडलेल्या माणसाला ओरडायलाही श्वास पुरत नाही.

तेव्हापासून फूटिंगच्या, म्हणजे कॉलमखालच्या पायाच्या, शीटवरच लिहितो: दीड मीटरच्या खाली जाल तर कडा उताराला घ्या, नाहीतर फळ्या-टेकू द्या. माती काठापासून किमान दीड मीटर लांब. शिडी आधी, माणूस नंतर. खोदकामाच्या सुरक्षेचं भारतीय मानक आयएस ३७६४ काढून वाचा, नवीन काहीच सांगत नाहीये मी.

छज्ज्याची सळई खाली बसणे. छज्ज्याला ताण वरच्या बाजूला, म्हणून मुख्य सळई वर. कागदावर ती वरच असते. काँक्रीट टाकताना घमेलीवाले तिच्यावरून चालतात, ती दबते, आणि सेंट्रिंग (खालच्या फळ्या-टेकू) काढणाऱ्याच्याच अंगावर छज्जा येतो. दोष मिस्त्रीवर जातो. माझ्या मते निम्मा आमचा, कारण चेअर, म्हणजे वरची सळई उचलून धरणारे सळईचे घोडे, ड्रॉइंगवर कुणी काढून दिलेल्याच नसतात. मी त्या सळयांच्या यादीतच नंबरासकट टाकतो. यादीत नसलेली वस्तू साईटवर येत नाही, दगडाची कपची येते. आणि टेकू काढताना मोकळ्या टोकाकडून सुरू करा, भिंतीकडचे शेवटी. साध्या स्लॅबला मधून सुरू करून आधाराकडे जातात, तीच सवय इथं घात करते.

टेकू काढायची घाई. नवीन पोरं विचारतात, "सर, पाचव्या दिवशी चालंल का?" नाही. काँक्रीटचं मानक आयएस ४५६ प्रमाणे साध्या (ओपीसी) सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्यापुढे १४. सहा मीटरपर्यंतच्या बीमला १४, मोठ्याला २१. हे दिवसही नीट पाणी मारलं असेल तरच. २०१६ला लातूरचं प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं येत होतं, तेव्हा कुठलं क्युरिंग? त्या वर्षी टेकू काढायच्या प्रत्येक फोनला माझं उत्तर एकच होतं: राहू द्या. भाडं वाढलं, शिव्या खाल्ल्या.

बाकीचं थोडक्यात.

डक्टच्या (पाईप जायला स्लॅबमध्ये सोडलेल्या) भोकावर नुसता प्लाय टाकू नका, खिळे मारा. मी तर भोकात जाळीची सळई तशीच ठेवून स्लॅब टाकायला लावतो, पाईप टाकायच्या दिवशी कापा.

उभ्या सळयांची टोकं वाकवा, नाहीतर टोपी घाला.

मे महिन्यात दुपारी स्लॅब ठेवू नका. बेचाळीस अंशांत काँक्रीटही तडकतं, बिगारीही चक्कर येऊन पडतो.

हेल्मेट सगळ्यांना द्या, पण फोटोपुरतं घालणाऱ्या इंजिनिअरला मी तरी परांचीवर चढू देत नाही.