इंजिनिअरिंगला हीच युनिव्हर्सिटी का? युनिव्हर्सिटीच्या प्रवेश अर्जातल्या या प्रश्नाचं उत्तर कसं लिहायचं
सगळ्यात आधी रँकिंग, सुंदर कॅम्पस, नामवंत फॅकल्टी हे सगळं काढून टाका, ते वाचणाऱ्याला आधीच माहितीये. मग युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवर नीट बसा, अभ्यासक्रम, लॅब, कोणते प्रोफेसर कशावर काम करतायत ते बघा आणि त्यातलं तुमच्या कामाशी जुळणारं एकच काहीतरी पकडा.

म्हणजे कसं, कॅनडातल्या वॉटर्लू युनिव्हर्सिटीला इंजिनिअरिंगमध्ये को-ऑप आहे, एक टर्म अभ्यास एक टर्म नोकरी असं आलटून पालटून चालतं, पण नुसतं "मला को-ऑप आवडतं" लिहून काय उपयोग? तुम्ही घरचा पंप उघडून बेअरिंग बदललं असेल आणि ते इतक्या लवकर का झिजलं हे पुस्तकात सापडलं नसेल, तर ते लिहा, आणि मग सांगा की असे प्रश्न मला कारखान्यात उभं राहून समजून घ्यायचेत म्हणून को-ऑप हवंय. अमेरिकेतल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीला इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष सगळ्या शाखांना कॉमन असतं, मेकॅनिकल की इलेक्ट्रिकल हे खरंच ठरलं नसेल तर तसं बिनधास्त लिहा, ते प्रामाणिक कारण आहे आणि मला तरी फार आवडतं.

लिहून झालं की युनिव्हर्सिटीचं नाव बदलून वाचा. तरीही जमतंय? मग परत लिहा.