किल्टसोबत रोजच्या वापराच्या वस्तू कशा निवडाव्यात

एडिंबरा किंवा ग्लासगो येथे शिकायला अथवा नोकरीला गेलेल्या मराठी माणसाची किल्टशी, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या गुडघ्यापर्यंतच्या चुणीदार लोकरी वस्त्राशी, जवळून ओळख बहुधा एखाद्या स्कॉटिश मित्राच्या लग्नात होते. भाड्याने आणलेल्या त्या पोशाखात काळे आखूड जाकीट, स्पोरन म्हणजे कंबरेपुढे लटकणारा केसाळ बटवा, घोट्याभोवती लांब नाड्या गुंडाळायचे बूट आणि मोज्यात खोचायची सुरी असा सगळा सरंजाम एकत्रच हाती पडत असल्यामुळे निवडण्यासारखे फारसे काही उरत नाही. खरा प्रश्न उभा राहतो तो स्वतःचा किल्ट विकत घेऊन तो एखाद्या शनिवारी बाजारात जाताना, फुटबॉलचा सामना पाहायला जाताना किंवा 30 नोव्हेंबरला सेंट अँड्र्यूज डेच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय दिनाच्या, दिवशी कार्यालयात जाताना घालायचे ठरवले म्हणजे. मोबाइल, पाकीट, किल्ल्या, सॅक, घड्याळ आणि पावसाळी जाकीट या वस्तू तर टाळता येत नाहीत. त्या किल्टसोबत कशा निवडाव्यात, एवढाच या लेखाचा विषय आहे.

परंपरेचा भंग होईल या धास्तीने अनेक जण लग्नाचा तोच पोशाख थोडा उतरवून रोज वापरतात. ही धास्ती बाळगण्याचे कारण नाही. 1746 च्या कायद्याने हायलँडमधील, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील, पुरुषांना हा पोशाख घालण्यास बंदी झाली, ती 1782 मध्ये उठली, आणि 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबऱ्याला आला तेव्हा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्या पुढाकाराने झालेल्या समारंभांनी किल्टला दरबारी प्रतिष्ठा मिळवून दिली. आज ज्याला आपण पारंपरिक समजतो ते ‘प्रिन्स चार्ली’ नावाचे आखूड समारंभी जाकीट तर विसाव्या शतकातले आहे. म्हणजे किल्टच्या सोबतीच्या वस्तू प्रत्येक पिढीत बदलत आल्या आहेत. टिकून राहिली आहे ती किल्टची बांधणी, आणि माझ्या मते निवडीचे जवळजवळ सगळे निर्णय त्या बांधणीवरूनच करावेत.

ही बांधणी नीट लक्षात घेतली पाहिजे. पारंपरिक किल्टला सुमारे 8 यार्ड, म्हणजे 7 मीटरहून अधिक लोकरी कापड लागते आणि त्याचे वजन दीड ते दोन किलोपर्यंत भरू शकते. मागच्या बाजूला शिवून पक्क्या केलेल्या खोल चुण्या असतात, पुढचा भाग सपाट असतो, आणि वरच्या पदराची सुटी, झालर असलेली कड घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला येते. किल्ट पँटसारखा कंबरेच्या हाडावर बसत नाही, तर बेंबीच्या पातळीवर बांधला जातो, आणि त्याची खालची कड गुडघ्याच्या वाटीच्या मध्याशी किंवा किंचित वर राहते. पारंपरिक किल्टला खिसे नसतात. खिशांचा अभाव, उंच कंबर, मागच्या चुण्या आणि उघडे गुडघे या चार गोष्टींमुळे पँटवर शोभणारी बरीचशी वस्तू किल्टवर बेढब दिसते.

खिशाची उणीव स्पोरन भरून काढतो. कंबरेला बटवा बांधावा तसा तो पुढे लटकतो, आणि रोजच्या वापरासाठी त्याची निवड चुकली तर बाकीचे काही बरोबर असूनही दिवस त्रासात जातो. स्पोरनचे ढोबळ मानाने तीन प्रकार दुकानात दिसतात: साध्या चामड्याचा दिवसा वापरायचा, पुढच्या बाजूस केसाळ कातडे आणि वर चामड्याचे झाकण असलेला मधला, आणि धातूची नक्षीदार पट्टी व गोंडे असलेला संध्याकाळच्या समारंभाचा. रोजसाठी पहिलाच घ्यावा, आणि तो घेताना दुकानात आपला मोबाइल त्याच्या कव्हरसह आत घालून पाहावा. आजचे मोबाइल साधारण 15 ते 16 सेंटिमीटर उंच असतात. अनेक स्पोरन बाहेरून ऐसपैस दिसतात, पण तळाशी गोलाई आणि आत जाड अस्तर असल्यामुळे त्यांत मोबाइल तिरका बसतो आणि झाकण अर्धवट लागते. मोबाइल आत ठेवून झाकण बंद करावे, एकदा उभे राहावे, एकदा खुर्चीत बसावे, आणि मग एका हाताने झाकण उघडून मोबाइल बाहेर काढता येतो का हे पाहावे. बसल्यावर झाकणाच्या कडेने मोबाइलचा कोपरा वर आला, तर तो स्पोरन कितीही देखणा असला तरी परत ठेवावा.

नेहमीचे घडीचे जाड पाकीट स्पोरनमध्ये नेऊ नये, कारण त्याने स्पोरनचे पोट फुगते आणि चालताना तो मांड्यांवर आपटू लागतो. पातळ कार्ड पाकीट पुरते. किल्ल्यांचा जुडगा मोबाइलच्या काचेशी घासू नये म्हणून लहान चामडी थैलीत ठेवावा, किंवा आत दोन कप्पे असलेला स्पोरन निवडावा. वायरलेस इअरफोनची डबी मावत असेल तर उत्तम, पण पाण्याची बाटली, चार्जर आणि छत्रीसाठी स्पोरन नाही, हे मान्य करून पिशवी घ्यावी.

स्पोरनचा पट्टा हा बारीक वाटणारा, पण महत्त्वाचा मुद्दा आहे. भाड्याच्या पोशाखात बहुतेक वेळा साखळीचा पट्टा मिळतो. समारंभातल्या चार-पाच तासांसाठी तो ठीक आहे, परंतु रोज मोबाइलचे वजन घेऊन चालताना साखळीच्या कड्या नितंबांच्या वरच्या चुण्यांवर सतत घासतात आणि कालांतराने तेथील लोकरीची लव झडून कापड गुळगुळीत होते. त्यामुळे रोजसाठी पूर्ण चामड्याचा पट्टा घ्यावा आणि तो किल्टच्या मागच्या फासांतून ओवावा. स्पोरनची वरची कड कंबरपट्ट्याच्या बकलेखाली साधारण चार बोटे असावी. त्याहून खाली गेला तर तो पावलागणिक झुलतो, आणि वर गेला तर बकलेला धडकतो. गाडी चालवताना तो बाजूला सरकवून ठेवावा.

कंबरपट्टा हा किल्टला धरून ठेवण्यासाठी नसतो. ते काम किल्टच्या स्वतःच्या बकलांचे आहे. किल्टचा खास पट्टा जवळपास 5 ते 6 सेंटिमीटर रुंद असतो आणि त्याचे बकल मोठे असते. जीन्सवरचा अरुंद पट्टा किल्टवर लावला तर तो रुंद फासांत वर-खाली सरकतो आणि एखादी दोरी गुंडाळल्यासारखा दिसतो. वेस्टकोट घातला असेल तर पट्टा लावत नाहीत, हा जुना संकेत मात्र मला पटतो, कारण त्या दोहोंच्या मध्ये पोटावर उगाच फुगवटा येतो. स्वेटर किंवा टी-शर्ट असेल तर पट्टा हवाच, नाही तर किल्टची वरची कड उघडी पडते.

याच ठिकाणी उंच कंबरेचा परिणाम वरच्या कपड्यांवर होतो. नेहमीचा ब्लेझर नितंबांपर्यंत येतो आणि स्पोरन अर्धा झाकतो; त्यामुळे पाय तोकडे व धड लांब दिसते. जाकीट पट्ट्याच्या जरा खाली संपणारे असावे. त्यासाठी नवे किल्टचे जाकीट शिवून घेतलेच पाहिजे असे नाही. आखूड बॉम्बर जाकीट, कंबरेशी संपणारे डेनिमचे जाकीट किंवा अंगाबरोबर बसणारा लोकरी स्वेटर हे सर्व चालते. पैसे खर्च करायचेच असतील तर ट्वीडचे, म्हणजे जाड लोकरी कापडाचे, एक आखूड जाकीट घ्यावे. हॅरिस ट्वीड ही आउटर हेब्रिडीज बेटांवर तेथील विणकरांनी आपल्या घरी हातमागावर विणलेली असावी लागते आणि 1993 च्या कायद्याने त्या नावाला संरक्षण आहे, म्हणून जाकिटाच्या आतील बाजूस गोलकाचे चिन्ह असलेली पट्टी पाहून घ्यावी. पावसाळी जाकिटाबाबत मी नियम सैल करीन. स्कॉटलंडच्या वाऱ्यात छत्री उलटी होते, आणि ओल्या लोकरी किल्टचे ओझे वाहण्यापेक्षा मांड्यांपर्यंत येणारा कोट घालून थोडे बेढब दिसलेले परवडते.

रंगांविषयी एकच सूत्र पाळले तरी पुष्कळ काम होते: टार्टन, म्हणजे किल्टच्या कापडावरची रंगीत चौकड्यांची नक्षी, हे स्वतःच ठळक असते, त्यामुळे बाकीचे कपडे एकरंगी ठेवावेत. उदाहरणार्थ, ‘ब्लॅक वॉच’ हे निळ्या, हिरव्या आणि काळ्या रंगांचे टार्टन घेतले, तर त्यावर राखाडी स्वेटर, तपकिरी चामड्याचा स्पोरन, त्याच छटेचे बूट आणि शेवाळी किंवा गडद निळे मोजे सहज जमून येतात. ‘रॉयल स्टुअर्ट’सारखे लालभडक टार्टन असेल, तर वर कोळशासारखा गडद राखाडी टी-शर्ट किंवा काळा स्वेटर घालावा, पण लाल मोजे घालून तोच रंग पुन्हा ओरडायला लावू नये. चौकड्यांचा शर्ट टार्टनवर कधीच घालू नये. त्याच टार्टनचा टायही टाळावा, कारण त्यामुळे माणूस गणवेशात असल्यासारखा दिसतो.

चामडे आणि धातू यांचा मेळ मात्र काटेकोरपणे साधावा. स्पोरन, पट्टा, बूट आणि शक्य असल्यास घड्याळाचा पट्टा यांचे चामडे एकाच कुळातले असावे. दिवसा तपकिरी रंग अधिक मोकळा वाटतो आणि काळा रंग संध्याकाळसाठी राखता येतो. बकल रुपेरी असेल तर स्टीलचे घड्याळ, आणि पितळी असेल तर त्याच झाकेचे घड्याळ शोभते. स्मार्ट घड्याळ घालायला हरकत नाही, पण त्याचा चकचकीत निळा किंवा नारिंगी रबरी पट्टा बदलून साधा चामडी किंवा गडद कापडी पट्टा लावावा. किल्टची पिन लावायची असल्यास ती केवळ वरच्या पदरातून, उजव्या झालरीपासून थोड्या अंतरावर आणि खालच्या कोपऱ्याच्या बाजूला लावावी. दोन्ही पदरांतून एकत्र टोचली तर पाऊल लांब पडताच कापड फाटते.

पायांकडे लोकांची नजर सर्वांत आधी जाते, कारण गुडघे उघडे असतात. मोजे दुमडल्यावर त्यांची घडी गुडघ्याच्या वाटीखाली तीन बोटे यावी आणि आतून गार्टर, म्हणजे मोजा वर धरून ठेवणारी पट्टी, असावा, नाही तर तासाभरात मोजे घोट्यावर उतरतात. भाड्याच्या पोशाखातले पांढरट मोजे रोजसाठी घेऊ नयेत, कारण ते लगेच मळतात आणि पोशाखात नसलेला उजेड पोटऱ्यांवर आणतात. स्कॉटलंडच्या फुटबॉल संघाचे पाठीराखे, ज्यांना ‘टार्टन आर्मी’ म्हणतात, ते किल्टवर संघाचा जर्सी शर्ट, जाड तळव्याचे बूट आणि त्यांवर गोळा होऊ दिलेले जाड मोजे घालतात. सैल मोजांची ही पद्धत रोजच्या फिरण्यासाठी चांगली आहे. मोजे एक तर वर ताठ असावेत किंवा बुटांवर उतरलेले असावेत. घोट्याखाली लपणारे छोटे मोजे घातले की पाय कुठेच संपत नाही. बुटांमध्ये घोट्यापर्यंतचे चामडी बूट सर्वांत निर्धोक. पातळ तळव्याच्या पळण्याच्या बुटांवर दीड किलोचा किल्ट अधांतरी वाटतो.

पिशवीबाबत चुण्यांची काळजी घ्यावी. कंबरेपर्यंत लोंबणारी सॅक चालताना चुण्यांना मागून ढकलते आणि वर उचलते, शिवाय सॅकचा कंबरपट्टा त्या दाबून टाकतो. सॅक लहान, पट्टे आवळलेली आणि कंबरेच्या वर संपणारी असावी. खांद्यावरची पिशवी डाव्या बाजूला घ्यावी, कारण उजवीकडे तिची कड झालरीत आणि पिनेत अडकते. बसताना दोन्ही हातांनी मागच्या चुण्या खाली सपाट करून मगच टेकावे.

मोज्यातील सुरी, म्हणजे ‘स्गियन डू’, रोजच्या वापरात घरीच ठेवावी. सार्वजनिक जागी धारदार शस्त्र बाळगण्याविषयीच्या 1995 च्या स्कॉटिश कायद्यात राष्ट्रीय पोशाखाचा भाग असल्याचा बचाव मान्य आहे, पण मद्यालयाच्या दारावरचा रखवालदार किंवा मैदानाचा सुरक्षारक्षक तरीही प्रवेश नाकारू शकतो. विमानप्रवासात ती केवळ सामानात द्यावी, केबिनमध्ये नेऊ नये. तपासणीच्या रांगेत पट्टा, स्पोरन आणि पिन आधीच काढून ट्रेमध्ये ठेवावीत, म्हणजे मोठ्या बकलांमुळे यंत्र वाजून खोळंबा होत नाही. अमेरिकेला जायचे असेल तर स्पोरनवर सीलचे कातडे नाही याची खात्री करून घ्यावी, कारण 1972 च्या तेथील सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यानुसार सीलच्या वस्तू आत नेता येत नाहीत. साध्या गाईच्या चामड्याच्या स्पोरनला ती अडचण येत नाही.